काचेपलीकडचा देव

देहू आणि आळंदी यांच्या मधल्या इंद्रायणीकाठच्या चिखलीला जुनी माणसे अजून टाळगाव चिखली म्हणतात. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी त्यांचे टाळ इथे पडले, अशी त्यामागची कथा. आता गावाभोवती कारखान्यांच्या शेडी आहेत, सोसायट्यांचे टॉवर आहेत आणि महापालिकेने उभारलेले संतपीठही आहे. अशा वस्तीतले कुटुंब सुट्टीत मुलांना मुंबईची राणीची बाग दाखवायला नेते. पेंग्विन पाहून झाले की पाय आवारातल्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळतात. १८७२ साली लोकांना खुली झालेली ही वास्तू पुढे पार मोडकळीला आली होती. मुंबई महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला आणि २००८ च्या जानेवारीत ती पुन्हा उघडली. आपल्याकडे आता ठिकठिकाणी लहानमोठी कलादालने अशीच नवी होत आहेत. भिंती स्वच्छ होतात, दिवे नेमके पडतात, काच इतकी नितळ की आहे हे कळू नये. आणि त्या काचेमागे एखादी विष्णूची किंवा देवीची मूर्ती असली, की पाहणाऱ्यांपैकी कुणाचे तरी हात आपोआप जुळतात. शेजारचा सुशिक्षित प्रेक्षक किंचित हसतो किंवा नजर वळवतो. हात जोडणाऱ्याचे काही चुकले का, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

चुकले असे म्हणणाऱ्यांत मोठी नावे आहेत. हेगेलने सौंदर्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत म्हटले होते की ख्रिस्ताची आणि मेरीची चित्रे कितीही उत्कृष्ट असोत, आपण आता त्यांच्यापुढे गुडघे टेकत नाही. कला मागे उरली, उपासना संपली. गंमत अशी की आपले शास्त्रीबुवाही वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतात. गणेशचतुर्थीला मातीच्या मूर्तीत आवाहन होते, विसर्जनानंतर ती पुन्हा माती असते. देवत्व हा मातीचा किंवा दगडाचा गुणधर्म नाही, ते विधीने येते आणि विधीनेच जाते. मग ज्या मूर्तीची पूजा कधीच खंडली, जिचा हात तुटला आहे, जिला आवाहन करणारे कुणी उरले नाही, तिच्यापुढे हात जोडणे म्हणजे नुसत्या दगडापुढे हात जोडणे. खंडित मूर्ती पूजू नये हा तर घरोघरी पाळला जाणारा दंडक आहे. एरवी एकमेकांशी फारसे न बोलणारे क्युरेटर आणि शास्त्री इथे एका सुरात बोलतात.

पण लोकांचा व्यवहार या दोघांनाही जुमानत नाही. पुणे–लोणावळा लोहमार्गावर चिंचवडच्या पुढे काही स्टेशनांवर मळवली लागते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे तिथे आला. तिथल्या रंगीत छापांतली लक्ष्मी आणि सरस्वती कागदावरच्या शाईखेरीज काही नव्हती. एका चित्रकाराने तैलरंगात कल्पिलेले रूप, यंत्रावर निघालेल्या प्रती, पैसे देऊन घेतलेला माल. कोणत्याही आगमाने त्यांची प्रतिष्ठापना सांगितली नव्हती. तरी चौकट करून ती चित्रे देव्हाऱ्यात गेली, त्यांना हळदकुंकू लागले. देहूची शिळा पाहा. तिला रूप नाही, कारागिरी नाही. तुकोबा तिच्यावर उपोषणाला बसले होते या आठवणीपलीकडे तिच्यात दाखवण्यासारखे काही नाही. २०२२ साली तिच्यासाठी नवे शिळामंदिर झाले. म्हणजे चित्र देव होते आणि साधा धोंडाही. देवत्व विधीशिवाय येतच नाही हा सिद्धांत मांडायला सोपा आहे, महाराष्ट्रात टिकवायला अवघड.

सगळ्यांत बोलके उदाहरण परळचे. १९३१ साली परळहून शिवडीकडे जाणारा रस्ता करताना शिवाचे एक भव्य शिल्प जमिनीतून वर आले. एकाच पाषाणात एकातून एक उमलत गेलेल्या शिवाच्या आकृती, घारापुरीच्याही आधीच्या मानल्या गेलेल्या. अशी वस्तू एरवी थेट संग्रहालयात जाते. परळच्या लोकांनी ती जाऊ दिली नाही. मूळ शिल्प बारादेवीच्या मंदिरात राहिले, आणि आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेला तो साच्यातून काढलेला त्याचा प्लास्टरचा नमुना. अभ्यासकांचे त्यामुळे काही अडले नाही. ही तडजोड फार शहाणपणाची होती असे मला वाटते. त्यातून एवढे तरी दिसते की पाहणे आणि वंदणे यांतले एक आले की दुसऱ्याने निघून जावे, असा काही नियम नाही.

यावर जतनकर्त्याचा आक्षेप रास्त आहे. भक्ती दगड झिजवते. तेल, दूध, कुंकू, हजारो हातांचा घाम यांनी मूर्तीची काय दशा होते ते पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवरून कळते. म्हणून तर तिथे वज्रलेप करावा लागतो. रशियात २०२३ साली जुना चित्रकार रुब्लेव्हने लाकडी फळीवर रंगवलेली ‘त्रिमूर्ती’ त्रेत्याकोव्ह कलादालनातून चर्चकडे सोपवली, तेव्हा फळीची नाजूक अवस्था पाहून जतनतज्ज्ञ हवालदिल झाले होते. त्यांची काळजी मला पटते. पण इथे पूजा आणि नमस्कार यांची गल्लत होते. पूजेला स्पर्श लागतो, द्रव्य लागते, वेळापत्रक लागते. नमस्काराला यातले काहीच लागत नाही. काचेच्या अलीकडून जोडलेल्या हातांनी कांस्यावर गंज चढत नाही.

खरा बिकट आक्षेप दुसरा आहे, आणि तो श्रद्धेविरुद्ध नसून पुजाऱ्याविरुद्ध आहे. देवळाने शतकानुशतके माणसे बाहेर उभी केली. चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे, ती उगाच नव्हे. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क अखेरीस निकाली निघायला २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा यावा लागला. संग्रहालयाच्या दारात तिकीट काढणाऱ्याची जात कुणी विचारत नाही. देव तिथे सगळ्यांना सारख्याच अंतरावरून दिसतो. तेव्हा दालनात हात जुळू लागले तर उद्या फूल येईल, परवा दानपेटी, तेरवा गाभारा आणि त्याचा मालक, ही भीती पोकळ नाही. पिंपळाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडाचे पाच वर्षांत पत्र्याचे देऊळ होताना चिखलीच्या पट्ट्यात सगळ्यांनी पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच की भीतीचे कारण नमस्कार नाही, मध्यस्थ आहे. मध्यस्थ नसलेला देव वारकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. महाद्वार बंद असताना कळसाकडे पाहून हात जोडणाऱ्याला कुणाची परवानगी लागली नव्हती. दालनातली काच पुजाऱ्याला अडवते आणि भक्ताला अडवत नाही, हा तिचा गुण आहे. तो तिथल्या व्यवस्थापकांनी जाणून राखावा. फूल, नाणे, उदबत्ती यांना ठाम मनाई असावी. जुळलेल्या हातांकडे पाहून रखवालदाराने खेकसू नये.

याहून पुढची एक गोष्ट नूतनीकरणात हमखास राहून जाते. मूर्तीखालच्या पाटीवर शतक असते, दगडाची जात असते, शैली असते. ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातली, तिथून कशी निघाली, हे बहुधा नसते. कलेचा प्रेक्षक हे विचारायला विसरतो. हात जोडणारा विसरत नाही, कारण त्याच्या लेखी देवाला घर असते. तमिळनाडूतल्या पाथूरचा नटराज लंडनमध्ये सापडला, तेव्हा तिथल्या अपील न्यायालयाने १९९१ साली त्या पडक्या देवळाचा दावा मान्य केला आणि मूर्ती परत आली. भग्न देवळालाही हक्क असू शकतो, ही कल्पना सौंदर्यशास्त्रातून नव्हे, भाविकांच्या समजुतीतून न्यायालयात पोहोचली होती. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपले चित्रसंग्रहालय यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवरच बांधले. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे दगडातले मायलेक आहेत. डोंगर चढणारा माणूस एकाच फेरीत दोन्हीकडे जाऊ शकतो, आणि त्याने हात कुठे जोडावेत हे पंतांनी कुठे लिहून ठेवलेले नाही.