वारस नसलेला सूड : ग्रीक शोकात्मिका आणि नारायणराव पेशव्यांची हत्या

'भाऊबंदकी' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि बोलणाऱ्याला ते वेगळे करण्याची गरज सहसा भासत नाही. एका मूळपुरुषाच्या वंशजांचे नाते म्हणजे भाऊबंदकी. आणि त्यांच्यातच बांधावरून, वाटणीवरून, मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वैर, तेही भाऊबंदकीच. ॲरिस्टॉटलला 'काव्यशास्त्रा'च्या चौदाव्या प्रकरणात जे विस्ताराने मांडावे लागले, ते या एका शब्दात आधीच मुरलेले आहे. शत्रूने शत्रूला मारले तर त्यात शोकात्म असे विशेष काही नाही. जिव्हाळ्याच्या नात्यातच घात होतो तेव्हा करुणा आणि भय यांना खरा विषय मिळतो, असे त्याचे म्हणणे. कृ. प्र. खाडिलकरांनी नारायणराव पेशव्यांच्या हत्येवर १९०९ साली नाटक लिहिले आणि त्याला हेच नाव दिले. त्या नावामुळे लक्ष मरणाऱ्यावरून नात्याकडे वळते.

आनंदीबाईच्या व्यक्तिरेखेमुळे या नाटकाच्या संदर्भात 'मॅकबेथ'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि 'मॅकबेथ'च्या केंद्रस्थानी महत्त्वाकांक्षा आणि राजद्रोह आहेत. पेशवे घराण्यातील या प्रकरणाचा नैतिक पेच वेगळा आहे. घरातल्याच माणसाने घरातला माणूस मारला, तर मृताच्या वतीने हिशेब मागण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे ग्रीकांनी विचारला.

इ.स.पू. ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीत ओरेस्टीसला बापाच्या खुनाचा सूड घ्यावयाचा आहे आणि खून करणारी त्याची आई आहे. सूड घेतला नाही तर पित्याचा अपराध, घेतला तर मातेचा. यातून सुटका देवांच्या आज्ञेने होत नाही, डेल्फी येथील शुद्धीनेही होत नाही. मातृहत्येचा पाठलाग करणाऱ्या एरिनीज त्या शुद्धीला जुमानत नाहीत. अखेर अथीना न्यायालय स्थापन करते, मते समसमान पडतात आणि तिने घालून दिलेल्या नियमानुसार आरोपी सुटतो. या शेवटाचे वर्णन 'सूडाकडून न्यायाकडे' असे करण्याची पद्धत रूढ आहे. ते सोयीचे आहे, पण अपुरे आहे. निकालानंतरही नाटक बराच काळ चालू राहते, कारण हरलेल्या एरिनीजची समजूत काढल्यावाचून अथेन्सला तो निकाल पेलणारा नाही. त्यांना नगराच्या भूमीखाली स्थान व पूजा द्यावी लागते. म्हणजे न्यायालय सूडाला हद्दपार करत नाही, त्याला घर देते. अथेन्सच्या प्रत्यक्ष कायद्यातही खुनाचा खटला उभा करणे हे मृताच्या नातलगांचे कर्तव्य होते. सूड घेणारा हात काढून घेतला गेला, पण तक्रार करणारा आवाज नात्यातलाच राहिला.

पुण्यात नेमका हा आवाजच उरला नव्हता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावाला ठार केले. थोरला भाऊ विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडला होता. दुसरा भाऊ माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे निपुत्रिक मरण पावला होता. मृताचा सर्वांत जवळचा पुरुष नातलग म्हणजे चुलता रघुनाथराव, आणि संशय त्याच्यावरच होता. मरताना माधवरावाने धाकट्या भावाचा हात याच चुलत्याच्या हाती दिला होता, असे सांगितले जाते. ग्रीक कथेत इलेक्ट्रा बापाच्या थडग्याशी भावाची वाट पाहू शकते. येथे वाट पाहावी असा भाऊच नाही. सूडाचा वारस आणि सूडाचे लक्ष्य एकाच माणसात आले आहेत. अट्रियसच्या शापित घराण्यातही इतकी कोंडी होत नाही.

ही पोकळी भरण्यासाठी पुढे आलेला माणूस कुटुंबाबाहेरचा होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावाला दोषी ठरवले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले, ही कथा मराठी मनाला फार प्रिय आहे. खाडिलकरांच्या नाटकाचे नैतिक बळही याच प्रसंगात आहे. पण 'प्रायश्चित्त' हा शब्द जरा निरखून पाहावा. दंड राजसत्ता देते, प्रायश्चित्त दोषी माणसाने स्वतः स्वीकारावयाचे असते. राजसत्ताच दोषी असेल तेव्हा धर्मशास्त्र जाणणाऱ्या न्यायाधीशाकडे हाच शब्द उरतो. 'ओरेस्टिया'त शुद्धी डेल्फीची आणि निवाडा अथेन्सचा, अशा दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पुण्यात त्या एकाच वाक्यात मिसळल्या. परिणामी निवाडा निर्दोष झाला आणि अंमल शून्य. रामशास्त्र्यांच्या निग्रहाविषयीचा आदर सार्थच आहे. मात्र त्या आदरात खटला अपुरा राहिल्याची जाणीव बुजून जाते, आणि मराठी नाटकाने ती बुजू दिली.

पुढे नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी बारभाईंनी जे केले त्याला सूड म्हणावे की राजकारण, याचे उत्तर सोपे नाही. त्यांनी मृताचा हक्क त्याच्या विधवेच्या, गंगाबाईच्या, पोटातील गर्भाच्या नावे केला. 'युमेनिडीज'मध्ये अपोलो युक्तिवाद करतो की जन्म देणारा खरा पिताच, आई केवळ बीज सांभाळणारी. बारभाईंच्या साऱ्या कारभाराचा आधार मात्र एका स्त्रीचे गर्भारपण हाच होता. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला आणि चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. ओरेस्टीसला निदान आपण काय करतो आहोत हे कळत होते. या बालकाला सूड वारशाने मिळाला, तोही इतरांनी चालवलेला.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्याने साष्टी आणि वसई देऊ केली; साष्टीतील ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, घेतला होता. वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर आज जेथे मीरा-भाईंदर शहर दाटीने उभे आहे, ती साष्टीची उत्तर कड. हा मुलूख १७३७ मध्ये, आणि पलीकडची वसई १७३९ मध्ये, चिमाजी अप्पाच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून जिंकला गेला होता, आणि चिमाजी हा रघुनाथरावाचा सख्खा चुलता. चुलत्याने मिळवलेले पुतण्याने घालवले, आणि तेही स्वतःच्या पुतण्याच्या रक्ताचा जाब टाळण्यासाठी. भाऊबंदकीची किंमत ज्या गावांनी मोजली त्यांचा पेशव्यांच्या वाटणीशी काहीएक संबंध नव्हता. ग्रीक शोकात्मिकेत नगरावर रोगराई येते, पीक करपते; तेथे कोरस हे दुःख निदान बोलून दाखवतो. साष्टीच्या गावांना मराठी रंगभूमीवर असा कोरस मिळाला नाही.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली, वसई परत आली, आणि रघुनाथरावाला पेशव्यांच्या खजिन्यातून दरमहा २५ हजार रुपये देण्याचे ठरले. होमरकालीन ग्रीकांत मारणारा मृताच्या घराला रक्ताचे मोल देत असे; ते घेतले की वैर मिटले. येथे मृताच्या मुलाच्या नावाने चालणाऱ्या दौलतीने, ज्याच्यावर रक्ताचा दोष त्यालाच तनखा बांधून दिला. दोष पुसला गेला नाही, फक्त त्याची सोय लागली. व्यवहार म्हणून हा तह शहाणपणाचा असेलही. पण अथीनाने एरिनीजना दिलेल्या मानाशी त्याची तुलना केली की उणीव दिसते: तेथे दुखावलेल्या पक्षाला सामावून घेतले, येथे दुखावणाऱ्याला.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव त्याच शनिवारवाड्यात वरच्या मजल्यावरून पडून मरण पावला. पुढच्या वर्षी पेशवाई रघुनाथरावाच्या मुलाकडे, दुसऱ्या बाजीरावाकडे, गेली. १८०२ च्या अखेरीस त्याने वसईलाच इंग्रजांशी तह केला. या क्रमात एखादा ग्रीक नाटककार घराण्याचा शाप पाहील. पुण्याच्या लोकस्मृतीने मात्र वेगळे काही जपले. रात्री शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते, असे लोक सांगत आले आहेत. मेलेला अगॅमेम्नॉन सूड मागतो. नारायणरावाची हाक अजून आसराच मागते आहे, आणि तोही काकाकडे.