बोलणारा साक्षी

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि त्याला जाणणारा क्षेत्रज्ञ यांचा जो विवेक आहे, त्याच्याच जवळचा प्रश्न अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या कृष्णचंद्र भट्टाचार्यांच्या ‘सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ या ग्रंथातही आहे. पाहणारा पाहिलेल्यापासून खरोखर अलिप्त राहू शकतो काय, हा तो प्रश्न. आणि आज तो मला तीव्रतेने जाणवतो तो जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या मेजावर, पिको नावाच्या बोटाएवढ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डापाशी.

या बोर्डावरील आरपी२०४० चिपमध्ये दोन कोर असतात. वीज मिळताच पहिला कामास लागतो, दुसरा त्याची हाक येईपर्यंत निजून राहतो, आणि २६४ किलोबाइटांची स्मृती दोघांत सामाईक असते. आतला व्यवहार बाहेरून दिसत नसल्यामुळे फर्मवेअर लिहिणारा संहितेत जागोजागी छापण्याचे हुकूम पेरतो, पुन्हा बिल्ड करतो, फाईल बोर्डात उतरवतो आणि सीरियल कन्सोलवर यंत्राची जबानी वाचीत बसतो. ही जबानी फुकट मिळत नाही. ११५२०० बॉडच्या वेगाने चाळीस अक्षरांची एक ओळ तारेवरून जाण्यास सुमारे साडेतीन मिलिसेकंद लागतात. १३३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोरचे तेवढ्या अवधीत साडेचार लाखांहून अधिक ठोके होऊन जातात, आणि ओळींमागून ओळी आल्या की त्याला खोळंबून राहावे लागते. दोन्ही कोर कुलुपाची तजवीज न करता एकाच जागी लिहीत असतील, तर या खोळंब्यानेच त्यांची गाठ टळते आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. छापण्याची ओळ काढताच तो पुन्हा उभा राहतो. साक्षीदाराच्या उपस्थितीनेच येथे घटना बदलली.

नोंदी आधी स्मृतीत साठवून छपाईचा भार दुसऱ्या कोरवर टाकता येतो, हे खरे. त्याने ढवळाढवळ घटते, पण स्मृती सामाईक असल्यामुळे ती संपत नाही. म्हणून माझे मत असे की, ज्याला पाहिलेले सांगावयाचे आहे तो क्षेत्रातलाच एक घटक होतो, आणि गीतेचा क्षेत्रज्ञ अलिप्त आहे तो त्याला कोणापुढे जबानी द्यावयाची नाही म्हणून. खानदेशातील ज्या विद्यार्थ्यांच्या हाती हे बोर्ड आहेत, त्यांनी विनोबांचे तेराव्या अध्यायावरील प्रवचन अवश्य वाचावे. आणि अमळनेरच्या अभ्यासकांनीही एकदा त्यांच्या मेजाशी येऊन बसावे.