गॅरेजांतील खोटीं वजनें

मोशेच्या नियमशास्त्रांत एकाच थैलींत लहान व मोठें अशीं दोन वजनें बाळगण्यास मनाई आहे (अनुवाद २५). हें वचन वाचतांना आमच्या मंडळ्यांतील बंधुजनांस बहुधा किराणा दुकानदार आठवतो. परंतु ज्या धंद्यांत तराजूच नाहीं, तेथें खोटें वजन कसें ओळखावें? मोटारसायकली व मोटारी दुरुस्त करण्याचीं दुकानें आतां हमरस्त्यालगतच्या बहुतेक मोठ्या गांवीं आहेत, आणि आपले कित्येक तरुण तेथें पोट भरतात. म्हणून हा प्रश्न उपदेशक बंधूंपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गाडीचें यंत्र उघडलें म्हणजे मालक आंधळ्यासारखा होतो. तो कारागिराच्या डोळ्यांनीं पाहतो. जुना प्लग घासून परत बसवावयाचा आणि नव्याचे पैसे घ्यावयाचे, ब्रेकचें लायनर चांगलें जाड असतां झिजलें म्हणावयाचें, हलकें तेल नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांतून ओतावयाचें, हे प्रकार सर्वांस ठाऊक आहेत. पण लायनर नकली बसविलें तर ती नुसती चोरी राहत नाहीं. घाट उतरतांना त्या गाडीवर बायको व लेंकरूं बसलेलें असतें. मग आठव्या आज्ञेचा भंग सहाव्या आज्ञेपर्यंत जाऊन पोहोंचतो.

याहून कठीण गोष्ट मौनाची. गिऱ्हाईक भिऊन म्हणतें, "सगळें बदलून टाका, दादा." एक नट आवळल्यानें काम भागेल हें कारागीर जाणतो, पण बोलत नाहीं. तो खोटें बोलला काय? आमच्या मतें, बोलला. ज्याचे डोळे दुसऱ्यानें मजुरी देऊन घेतले, त्यानें पाहिलेलें लपविणें हें असत्यच होय. मात्र क्लचप्लेट अर्धी झिजली आहे असें स्पष्ट सांगून, लांबच्या प्रवासापूर्वीं ती बदलावी असा सल्ला देण्यांत कपट नाहीं.

"मालकानें सांगितलें तसें केलें," असें नोकर म्हणतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत १९९२ सालीं सीअर्स कंपनीच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानांवर सरकारनें आरोप ठेविला. सरकारी माणसें साधीं गिऱ्हाइकें बनून गाड्या घेऊन गेलीं होतीं. ३८ पैकीं ३४ वेळां त्यांच्याकडून अनावश्यक कामाचे पैसे घेण्यांत आले, असें त्यांचें म्हणणें होतें. अमुक इतकें काम व इतके सुटे भाग खपविलेच पाहिजेत असें तेथील नोकरांस ठरवून दिलेलें असे, आणि विक्रीवर दलाली मिळे. मग दोष कोणाचा? योहान बाप्तिस्मा करणारा याजकडे शिपाई आले, तेव्हां त्यानें त्यांस शिपाईगिरी सोडावयास लाविलें नाहीं. जुलमानें पैसे न उपटण्यास व आपल्या पगारांत तृप्त राहण्यास बजाविलें. मालकाचा दोष मोठा खरा, पण त्यानें नोकराचा फिटत नाहीं. तथापि जो मुलगा असें काम नाकारून नोकरी गमावील, त्याला दुसरें काम पाहून देणें हें मंडळीचें कर्तव्य होय. नुसत्या शाबासकीनें त्याच्या घरची चूल पेटत नाहीं.

गिऱ्हाईकही निर्दोष नाहीं. घासाघीस करून मजुरी निम्मी करावयाची आणि घरीं येऊन बढाई मारावयाची, हें नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायांतील विकत घेणाऱ्याचेंच चित्र आहे. ती मजुरी मग सुट्या भागांत वसूल होते. संस्थेच्या गाडीची पावती वाढवून मागणारा पंचही आपल्यांत आढळतो, आणि तो पहिल्या बाकावर बसतो.

कामापूर्वीं खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा, काढलेला जुना भाग मागून घ्यावा, नव्याच्या पुड्यावरील छापील किंमत पाहावी. फसगत झालीच तर आधीं एकट्यानें जाऊन बोलावें. त्यानें भागलें नाहीं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे २ वर्षांच्या आंत तक्रार करितां येते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं. १९१५ या क्रमांकावर फोन केल्यासही सल्ला मिळतो.

आतां ज्या कारागिरानें वर्षानुवर्षें असें केलें, त्यानें काय करावें? जक्कयानें चौपट परत देण्याचें कबूल केलें, परंतु ह्याला सारीं नांवें आठवणार नाहींत. तरी तेंच गिऱ्हाईक, तीच गाडी, पुढच्या महिन्यांत पुन्हा दारांत उभी राहते. तेथून आरंभ करावा. त्या खेपेची मजुरी घेऊं नये, आणि कां घेत नाहीं तें तोंडानें सांगावें.