टायर घेण्याआधी

निगडी प्राधिकरण

चि. धाकट्यास,


मोशीच्या किसान प्रदर्शनात पाहिलेल्या खोल दातांच्या टायरचा फोटो मिळाला. टायर देखणा आहे. पण आपला ट्रॅक्टर वर्षातले किती तास चिखलात असतो आणि किती तास डांबरावर, ते आधी सांग. तुमच्या खेड तालुक्यात छोट्या ट्रॅक्टरला आता एक मालक आणि दहा कामं. सकाळी कांद्याच्या रानात, दुपारी टँकर घेऊन एखाद्या बांधकामावर, रात्री गोण्या भरून चाकणच्या बाजारात. टायर यातलं कुठलं काम जास्त, ते बघून घ्यायचा; रुबाब बघून नाही.

टायरवरच्या नक्षीला ठरलेली नावं आहेत आणि बहुतेक वेळा ती टायरच्या बाजूवर लिहिलेली सापडतात. शेतात सगळीकडे दिसतो तो आर-1, तिरक्या उंच दातांचा. आर-2 चे दात त्याच्या जवळजवळ दुप्पट खोल. तो भातखाचरासाठी असतो. मावळात इंद्रायणी भाताच्या लावणीआधी चिखलणी करतात, तिथे त्याची खरी किंमत कळते. तोच टायर टँकर ओढत चाकण-तळेगाव रस्त्यावर पळवलास, तर दात वाकतात, तापतात आणि झपाट्याने झिजतात. तुला आवडलेला हाच. आपल्याकडे भात किती, तर घरी खाण्यापुरतं.

आर-4 पाहायचा असेल तर रस्त्याच्या कामावरच्या कुठल्याही जेसीबीच्या मागच्या चाकाकडे बघ. दात रुंद आणि बुटके, बाजू जाड. मुरूम, खडी, काँक्रीट यावर तो टिकतो. ओल्या काळ्या मातीत मात्र खाचा भरून जातात आणि चाक जागेवर फिरायला लागतं. आर-3 हिरवळीसाठी, अगदी उथळ नक्षीचा. एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या आवारातलं गवत कापायचा ठेका मिळाला तरच त्याचा विचार कर, कारण आर-1 घेऊन तिथे गेलास तर लॉनवर चर पडतील आणि ठेका दुसऱ्या दिवशी जाईल.

दात कुठल्या दिशेला बसवलेत याकडे आपली पोरं लक्ष देत नाहीत. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं की मागच्या टायरवर दातांच्या जोडीने होणाऱ्या बाणाचं टोक वर दिसलं पाहिजे. तसं असेल तर मधला भाग आधी जमिनीला टेकतो आणि माती दोन्ही बाजूंना बाहेर फेकली जाते. उलटा बसला तर माती मध्ये गोळा होते आणि नवा टायरही गुळगुळीत असल्यासारखा घसरतो. पंक्चरवाला घाईत उलटा बसवून देतो. तू समोर उभा राहा.

आता पुढची चाकं. टू-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढे सरळ उभ्या पट्ट्यांचाच टायर हवा. ते चाक ओढत नाही, वळवतं. पट्टे मातीत रुततात म्हणून ट्रॅक्टर वळणावर सरळ निघून जात नाही. फोर-व्हीलमध्ये हिशोब नाजूक. पुढच्या चाकांचा कडेचा वेग मागच्यांपेक्षा शेकडा 1 ते 5 इतका जास्त असावा अशी दातेरी चक्रांची रचना असते. मागे वेगळ्या मापाचा टायर चढवला किंवा पुढची जोडी पार झिजू दिली, की हे प्रमाण बिघडतं आणि ताण गिअरबॉक्सवर येतो. म्हणून मापाला हात लावू नको. डांबरावर फोर-व्हील बंद ठेवत जा.

मापाचा आकडाही वाचायला शीक. 8.3-20 म्हणजे 8.3 इंच रुंद, अंदाजे 21 सेंटिमीटर, आणि रिम 20 इंचांची. बटाट्याच्या सरीत शिरायचं तर ही रुंदी महत्त्वाची. नक्षी कितीही चांगली असो, रुंद टायर वरंबे मोडणारच.

चाकणला टायरचा कारखाना आहे, तिथून काही जमेल का, असंही विचारलंस. ब्रिजस्टोनचा तो कारखाना मोटारींचे टायर काढतो. शेतीचे टायर बनवणारी बीकेटी वाळूजला आहे, पण कारखान्याच्या दारात जाऊन कुणी जोडी देत नाही. दुकानातूनच घे, बिल घे.

आणि वाफसा नसताना रान चालवायचा मोह धरू नको. टायर घसरला की आपण दाताला दोष देतो. खरं तर पाऊस थांबून दोन दिवसही झालेले नसतात. ओल्या काळ्या मातीवर ट्रॅक्टर घातलास तर खालचा थर दाबला जातो, आणि कांद्याला ते अजिबात सोसत नाही. हवाही कामाप्रमाणे बदल: शेतात कमी, रस्त्यावर ओझं ओढताना जास्त, दोन्ही कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. गेज विकत घे, लाथ मारून हवा कळत नाही.

माझं मत विचारशील तर साधा आर-1, आहे त्याच मापाचा, मागची जोडी एकाच वेळी. आर-2 नको. पैसे देण्याआधी जुन्या टायरच्या बाजूवरचे सगळे आकडे आणि गेल्या महिन्यातले रस्त्याचे व रानातले तास लिहून पाठव.

तुझा
काका