किंमत कोणाच्या खिशातून?

5 ऑक्टोबर 2020पासून महाराष्ट्रात हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेनं उघडले. शाळा बंदच होत्या. त्याच आठवड्यात जेवताना बाबांशी माझा वाद झाला. आजी घरात होती, म्हणून लस येईपर्यंत शाळा उघडूच नयेत, असं माझं ठाम मत. बाबा एवढंच म्हणाले, “तुझं ऑफिस घरात आलं. त्या पोराची शाळा कुठे आली?”

‘ते पोर’ म्हणजे आमच्या गल्लीतल्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोडहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तेव्हा गल्लीतले बरेच जण गावी गेले. हे कुटुंब इथेच राहिलं. घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात. पाचवीतला मुलगा बापाबरोबर कारखान्यात कांड्या भरायला जायला लागला.

मार्च 2020मध्ये शाळा बंद केल्या, ते मला आजही योग्य वाटतं. तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. चूक नंतरची आहे. आमच्या धंद्यात तात्पुरता उपाय करताना तो कधी काढायचा हेही लिहून ठेवतात. नाहीतर तो कायमचाच होऊन बसतो. शहरांतल्या पहिली ते सातवीच्या वर्गांना राज्य सरकारची परवानगी मिळाली ती डिसेंबर 2021पासून, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप लागलं.

मास्कचं तसं नव्हतं. मागाच्या खडखडाटात, उकाड्यात बारा तास मास्क लावणं आणि दुकानापर्यंत दहा मिनिटं लावणं सारखं नाही, हे खरं. पण तो मलाही लावावा लागे, मंत्र्यांनाही. काचला की सगळेच बोलत. एप्रिल 2022मध्ये, गुढीपाडव्याला, सक्ती उठली. शाळाबंदीची झळ ज्यांना बसली त्यांना ना मत होतं, ना आवाज. हॉटेलमालकांची संघटना असते. पाचवीतल्या मुलांची नसते.

आजी वाचली. त्यावरून मी बरोबर ठरत नाही आणि चूकही ठरत नाही. माझी काळजी खरी होती, पण तिचं बिल मी दुसऱ्याच्या नावावर फाडलं होतं आणि त्यालाच जबाबदारपणा समजत होतो.

तो मुलगा पुढे शाळेत गेला. न शिकताच सातवीत पोचला होता. काही महिन्यांत त्यानं शाळा सोडली. परवा भेटला तेव्हा केसांत कापसाची रुई होती. “भाईजान, कुठे काम असेल तर सांगा ना,” म्हणाला. मी मान हलवली.