बिभीषण अधांतरी उभा आहे

शरणागती हा आपल्या संप्रदायाचा नित्याचा विषय. शरण जाणाऱ्याने कसे असावे, अहंकार कसा टाकावा, हे तुम्ही माझ्या तोंडून आणि माझ्याहून थोर महाराजांच्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकले आहे. पण दाराशी आलेल्या शरणागताशी आतल्या माणसाने कसे वागावे, यावर निरूपण क्वचितच होते. पूर्वी तो प्रश्न राजाचा होता. आता राज्य लोकांचे आहे, मत आपण देतो. तेव्हा दाराच्या आत आपणच बसलो आहो.

प्रसंग असा घडला. २०२५ च्या चातुर्मासात धुळ्याला माझे कीर्तन होते. दृष्टान्ताला बिभीषणाची शरणागती घेतली. वाल्मीकींनी युद्धकांडात ती मोठ्या बारकाईने सांगितली आहे. बिभीषण चार सोबत्यांसह समुद्र ओलांडून उत्तर तीरावर आला, पण खाली उतरला नाही. आकाशातच उभा राहिला आणि तेथूनच आपण कोण, कोणाचे भाऊ, का आलो, ते सगळे सांगितले. काही लपविले नाही. खाली सभा भरली. सुग्रीव म्हणाला, हा शत्रूचा भाऊ, बांधा आणि मारा. अंगद म्हणाला, गुणदोष तपासा. शरभ म्हणाला, मागे हेर लावा. जांबवानाला त्याची येण्याची वेळ आणि जागा दोन्ही संशयाची वाटली. मैंद म्हणाला, गोडीने विचारपूस करा. आता बघा, आजच्या कोणत्याही सरकारच्या बैठकीत जे बोलले जाते, ते सारे तेथे बोलून झाले आहे! आणि प्रभूंनी एकालाही गप्प बसविले नाही. सुग्रीवाचा संशय द्वेषातून नव्हता, रामावरच्या प्रेमातून होता. सीमेची काळजी करणाऱ्याला लगेच निर्दय म्हणू नये, ते याचसाठी.

हनुमंत मात्र निराळे बोलला. हेर लावायचा तो दूरच्यावर, हा तर समोर उभा आहे. एकदम उलटतपासणी घेतली तर खरा मित्रही बिचकतो. याच्या मुद्रेत खोट दिसत नाही. मग प्रभूंनी निर्णय दिला. शरण आलेल्याला अभय, आणि तेही सर्व भूतांना, हे माझे व्रत आहे. खुद्द रावण आला असता तरी दिले असते. बिभीषण खाली उतरला. लंकेच्या बळाबद्दल विचारायचे ते प्रभूंनी त्यानंतर विचारले. अभय आधी, विचारपूस मागून.

कीर्तन झाले, आरती झाली. मंडळी पांगल्यावर एक गृहस्थ पाया पडला. कुमारनगरात नातेवाइकांकडे राहणारा, सिंधी. म्हणाला, "महाराज, बिभीषण आकाशात किती वेळ उभा होता?" मी म्हटले, "सभा संपेपर्यंत. फार तर घटका दोन घटका." तो म्हणाला, "मी दहा वर्षे उभा आहे."

सिंधी मंडळी खानदेशाला नवी नाहीत. फाळणीत पंजाब आणि बंगाल तुटले, पण सिंध अख्खा पलीकडे गेला. तेथल्या हिंदूला परतायला आपल्या प्रांताचा एक कोपराही उरला नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जवळजवळ लाखभर माणसे बराकींतून राहिली. त्याचेच १९४९ साली उल्हासनगर झाले. जळगावची सिंधी कॉलनी आणि धुळ्याचे कुमारनगर ही त्याच लाटेची. वडील सांगत, नरडाणा स्टेशनावर गाडी थांबली की सिंधी पोरे गोळ्या-बिस्किटे घेऊन डब्यांतून फिरत. कधी काल जमीनदार असलेल्याचा मुलगा, पण हात पसरलेला कोणी पाहिला नाही. त्यांचे संत कंवरराम पायांत घुंगरू बांधून भजन करीत, झोळीत पडेल ते गोरगरिबांना वाटून टाकीत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमधील रुक स्टेशनावर त्यांना गोळी घातली. आमच्याच जातीचा माणूस, म्हणजे कीर्तनकार, म्हणून सांगितले.

त्या वेळी सरकारने आलेल्यांना नागरिक मानले आणि १९५४ साली भरपाईचा कायदा केला. आपला हा गृहस्थ २०१५ साली आला. २०१९ च्या कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांची वाट सोपी केली. पण जो ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आत आला त्याचीच. याला काही महिन्यांचा उशीर झाला. नियम मार्च २०२४ मध्ये निघाले, जिल्ह्यात अर्ज तपासायला पोस्टाच्या अधीक्षकांची समिती बसली, पण याचा अर्ज त्या समितीपुढे जाऊच शकत नाही. त्याला राहिली ती साधी वाट, अकरा आणि एक मिळून बारा वर्षांच्या वास्तव्याची. तोवर व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला ते अघोर हत्याकांड झाले आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहतील हा खुलासा येईपर्यंत त्याच्या घरात चूल पेटली नाही. ज्यांच्या भयाने पळून आला, त्यांच्याच नावाचा कागद त्याच्या खिशात!

कागद म्हटला की मला आळंदीची ती चार लेकरे आठवतात. आईबाप गेले, आणि गाव म्हणाले, पैठणाहून शुद्धिपत्र आणा, मग पाहू. ज्ञानोबा माउलींनाही कोणी तरी दाखला मागितला होता, हे वारकऱ्याने विसरू नये.

हे सगळे मी नरडाण्याला पारावर सांगितले, तेव्हा एक शेतकरी अहिराणीत म्हणाला, "महाराज, आमना पोऱ्यासले काम नही, भाईरनासले कसाले?" पूर्वपक्ष खरा आहे. शिंदखेडा तालुक्यात पाण्याची काय गत असते ते मी जन्मभर पाहतो आहे. शिबी राजाच्या कथेतही ससाणा खोटे बोलत नाही. कबुतर हे माझे अन्न, तू त्याला वाचविलेस तर मी आणि माझी पिले मरू, असे तो म्हणतो. राजाने त्याला हाकलले नाही. तराजू मागविला आणि स्वतःच्या मांडीचे मांस घातले. दुसऱ्याच्या मांडीचे नव्हे! दिल्लीने ये म्हणायचे आणि पाण्याच्या टाकीचा खर्च एखाद्या गरीब नगरपालिकेने सोसायचा, हा तराजू शिबीचा नव्हे. १९७१ साली पूर्व बंगालातून सुमारे १ कोटी लोक आले, तेव्हा सरकारने टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावले. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. लिफाफ्यावरचे ते शरणार्थी सहायतेचे तिकीट मी जिभेने ओले करून चिकटविलेले आहे. भार थोडा, पण साऱ्या देशावर.

आता माझे मत सांगतो, कोणाला रुचो न रुचो. सिंधच्या हिंदूला दार उघडले याचा मला आनंद आहे. पण जाफन्याचा तमिळ हिंदू त्या यादीत नाही, ब्रह्मदेशातून जीव घेऊन पळालेला रोहिंग्या मुसलमान नाही, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून वसलेला तिबेटी बौद्धही नाही. प्रभूंनी सर्व भूतांना म्हटले होते, त्यात यादी नव्हती. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. म्हणून निर्णय हुकूम निघेल तसा होतो. राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये मात्र नागरिक हा शब्द नसून व्यक्ती हा आहे, आणि चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले. चोराला, घातपात्याला आत घ्या असे मी म्हणत नाही. सभा भरवा, सुग्रीवालाही बोलू द्या, नाही म्हणायचे तर कारण देऊन नाही म्हणा. पण माणूस आकाशात टांगून सभेने उठून जेवायला जाऊ नये.

त्या गृहस्थाला मी काय सांगणार? बारा वर्षांना आपण एक तप म्हणतो. त्याचे २०२७ साली पुरे होईल. अर्जाला जोडायच्या कागदांची यादी त्याने माझ्याकडून शुद्ध मराठीत लिहून घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली, आणि दर एकादशीला तो कीर्तनाला येतो. अजून मागे, जोड्यांपाशी बसतो.