रंग दिसणं आणि रंग सोसणं

स्वमग्न मुलाला रंग कसे दिसतात, हा प्रश्न विज्ञानाला फार उशिरा सुचला. 1943 साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमला, म्हणजेच स्वमग्नतेला, वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली. त्याच वर्षी डीन फार्न्सवर्थ यांनी रंगभेद ओळखण्याची चाचणी मांडली. एकातून दुसऱ्यात हलकेच सरकत जाणाऱ्या छटांच्या 85 टिकल्या क्रमाने लावायच्या, अशी ती चाचणी. कॅनर यांची मुलं आणि फार्न्सवर्थ यांच्या टिकल्या यांची नीट गाठ पडायला मात्र साठहून अधिक वर्षं गेली.

या उशिराला कारण होतं. कॅनर यांना या मुलांच्या अडचणीचं मूळ भावनिक नात्यात दिसलं. पुढे त्याचा ठपका आईवर आला. आई थंड म्हणून मूल मिटलेलं, असा तो तर्क. बर्नार्ड रिमलंड यांनी 1964 मध्येच तो खोडून काढला, तरी 1967 मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने त्याला नवं बळ दिलं. आईच आरोपी ठरल्यावर मुलाला काय दिसतं, काय ऐकू येतं, हे विचारायची गरज कुणाला वाटणार?

हा प्रश्न पुढे आला तो कोड्यांच्या वाटेने. 1983 मध्ये अमिता शाह आणि युटा फ्रिथ यांनी दाखवलं, की मोठ्या चित्रात लपलेला छोटा आकार शोधण्यात स्वमग्न मुलं चांगलीच सरस आहेत. 1989 च्या पुस्तकात फ्रिथ यांनी त्याचा सिद्धान्त केला: या मुलांचं लक्ष तपशिलावर पक्कं बसतं, तपशील जोडून अखंड चित्र करण्याची ओढ मात्र कमी असते. हे चित्रकार बेंद्र्यांच्या चित्रांवरून चटकन कळेल. इंदुरात 1910 मध्ये जन्मलेल्या, देवळालीकर मास्तरांकडे चित्रकला शिकलेल्या ना. श्री. बेंद्रे यांनी पुढे ठिपक्यांनी रंगवलेली चित्रंही काढली. जवळून पाहावं तर नुसते रंगाचे ठिपके, चार पावलं मागे सरकलं की आकृती. फ्रिथ यांच्या मते स्वमग्न मूल ठिपक्यांपाशी थांबतं. माँट्रियलचे लोराँ मोत्राँ यांनी हीच गोष्ट उलट बाजूने मांडली. आकृतीकडे जाण्याची शक्ती कमी आहे असं नव्हे, ठिपके पाहण्याची शक्ती जास्त आहे.

दोष मानलेली गोष्ट गुण ठरली, की कौतुकाचाही अतिरेक होतो. 2009 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जाहीर केलं, की स्वमग्न व्यक्तींची नजर शिकारी पक्ष्यांइतकी तीक्ष्ण असते. मोजण्याच्या पद्धतीत गफलत असल्याचं इतर तज्ज्ञांनी लगेच दाखवून दिलं. 2011 मध्ये त्याच गटाच्या नव्या अभ्यासात असा कोणताही फरक आढळला नाही.

रंगांच्या चाचण्यांनी तर कौतुकाला सरळ छेदच दिला. ॲना फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये फार्न्सवर्थच्या टिकल्या स्वमग्न मुलांपुढे ठेवल्या. त्यांची कामगिरी सुमारे तीन वर्षांनी लहान असलेल्या इतर मुलांइतकी भरली. हे रंगांधळेपण नव्हतं. लाल-हिरवा किंवा निळा-पिवळा अशा एकाच जोडीत अडचण नव्हती, एकूणच रंगभेदाची जाण थोडी कमी होती. तरीही 2016 च्या एका फ्रेंच पाहणीत स्वमग्न मुलग्यांनी पिवळा रंग कमी पसंत केला, हिरवा आणि तपकिरी जास्त. पाहणी लहान होती, त्यामुळे तिच्यावरून कुणी लगेच खोल्या रंगवू नयेत. पण कोडं उरतंच. छटांमधला बारीक फरक ज्याला कमी कळतो, त्याला पिवळ्यासारखा भडक रंग जास्त का टोचावा?

मला वाटतं, इतकी वर्षं आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजत आलो. रंग ओळखणं हे कौशल्य आहे, रंग सोसणं हा भार आहे. 2012 मध्ये एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी एक शक्यता मांडली. आपला मेंदू पूर्वानुभवाच्या जोरावर समोरच्या दृश्यातलं बरंच काही गृहीत धरतो. स्वमग्न मेंदू तेवढं गृहीत धरत नाही, म्हणून त्याच्यावर सगळं ताजं आणि एकदम येऊन आदळतं. हे खरं असेल, तर छटा ओळखण्यात कमी गुण पडणं आणि रंगांनी हैराण होणं यांत विसंगती राहत नाही. अमेरिकेच्या निदान-नियमावलीने संवेदनांमधल्या या फरकाला 2013 मध्ये निकषांत जागा दिली. आपल्याकडच्या भारतीय ऑटिझम मूल्यमापन श्रेणीतही 40 मुद्द्यांच्या सहा गटांपैकी एक गट संवेदनांचा आहे.

प्रयोगशाळेतली उपकरणं रंगाची तरंगलांबी अचूक सांगतील. शाळेत बसलेल्या एका मुलाला तो रंग किती झेपतो, हे मात्र त्या मुलालाच विचारावं लागेल. त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या वागण्याकडे बारकाईने पाहावं लागेल. सरासरी काढणाऱ्या कोणत्याही अभ्यासातून हे उत्तर मिळणार नाही.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘बोलक्या भिंती’ रंगवण्याची हौस आहे आणि ती चांगलीच आहे. अक्षरं, पाढे, फळं, नकाशे यांनी वर्ग भरून जातो. शिक्षकांना विनंती एवढीच, की प्रत्येक वर्गात एक भिंत साध्या, फिक्या रंगाची कोरी ठेवा आणि ज्या मुलाला हवं असेल त्याला तिच्याकडे तोंड करून बसू द्या. त्यासाठी कुठल्याही संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.